मण्याचे वेज
(वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवाच्या गळ्यातील माळ सर्वांच्या नित्य दृष्टीस पडते. परंतु तिचे सूत्र ज्या वेजातून ओवले जाते, त्याचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. अकीक हा गारगोटीच्या जातीचा पाषाण. जितका कठीण तितकाच ठिसूळ. त्याला तडा जाऊ न देता आरपार वेज पाडण्याची विद्या भारतखंडात साडेचार हजार वर्षांपूर्वीच पूर्णत्वास पोचली होती.

सिंधमधील चन्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांनी 1935-36 साली उत्खनन केले, तेव्हा मणी घडविणाऱ्यांची कार्यशाळाच उजेडात आली. अर्धवट वेज पाडलेले मणी आणि दगडी सामत्यांची टोके तेथे सापडली. त्या टोकांच्या पाषाणाला पुढे मॅके यांच्या नावावरून ‘अर्नेस्टाइट’ म्हणू लागले. टोक अग्राशी किंचित रुंद व मागे निमुळते असे, म्हणून ते छिद्रात अडकून बसत नसे. अमेरिकन संशोधक केनॉयर यांच्या प्रयोगांत अशा टोकाने तासाला सुमारे अडीच मिलिमीटर वेज पडले. म्हणजे सहा सेंटिमीटरांच्या मण्याला चोवीस तासांचे श्रम! तेविसाव्या तासाला हात चुकला, तर सारे व्यर्थ.

पाषाण फुटतो तो मुख्यतः तीन कारणांनी : घर्षणाच्या उष्णतेने, अतिरिक्त दाबाने आणि टोक पलीकडे बाहेर पडताना. गुजरातेत खंबायतच्या कारागिरांच्या रीतीत या तिहींवर उपाय आहे. मणी लाकडी चिमट्यात घट्ट धरावयाचा. टोक घसरू नये म्हणून प्रथम लहानशी खळी करावयाची. हिऱ्याच्या कणी बसविलेला सामता कमानीने हलक्या हाताने फिरवावयाचा. वरून पाणी थेंबथेंब पडत राहते. ते उष्णता शमविते आणि भुकटीही वाहून नेते. आरपार मात्र एका बाजूने जावयाचे नाही. मध्यापर्यंत जाऊन मणी उलटावयाचा व दुसऱ्या बाजूने येऊन पहिल्या छिद्राला मिळावयाचे. त्यामुळे बाहेरच्या काठाचा टवका उडत नाही.

येथे एक खंत नमूद करणे प्राप्त आहे. वेज पाडताना पाणी असते. पण विजेच्या चाकावर मणी कोरडेच घासले जात. ती सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग जडतो. खंबायतच्या अनेक कारागिरांना तो जडल्याचे वैद्यकीय पाहण्यांत आढळले आहे. पाषाणाला तडा जाऊ नये म्हणून ज्या समाजाने एवढी काळजी वाहिली, त्याने घडविणाऱ्याच्या छातीची तेवढी वाहिली नाही. पाण्याची धार आणि धूळ ओढून घेणारी यंत्रे हे उपाय ज्ञात आहेत. उणीव आहे ती आस्थेची.

महाजनहो, माळ अर्पण करताना त्या न दिसणाऱ्या हातांचेही स्मरण असावे, एवढीच प्रार्थना.