जाणण्याच्या चार पायऱ्या

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मानसशास्त्राची तोंडओळख’ असा विषय आपण मला दिला आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापड-व्यापारी. त्यामुळे या शास्त्राचा विस्तार आपल्यापुढे मांडण्याचा माझा अधिकार नाही. त्यातील एकच प्रश्न मी निवडला आहे. माणूस एखादी गोष्ट जाणतो, म्हणजे नेमके काय होते? हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभ्यासकांचा वाटेल; परंतु आपल्या घरांतील आणि संघातील अनेक कलहांचे मूळ त्याच्याच उत्तरात दडलेले आहे, असे मला वाटते.

जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली. तेव्हापासून स्वतंत्र प्रयोगशास्त्र म्हणून मानसशास्त्राची गणना होऊ लागली. या शास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत वेदन, अवधान, संवेदन आणि स्मरण अशी प्रकरणे असतात. इंद्रियाला काहीतरी जाणवते ते वेदन. त्याकडे मन वळते ते अवधान. त्याचा अर्थ लागतो ते संवेदन. आणि तो अर्थ मनात साठून राहतो ते स्मरण.

ही प्रकरणे वाचताना ‘तत्त्वार्थसूत्रा’ची आठवण होते. त्याच्या पहिल्या अध्यायात मतिज्ञानाचे चार भेद सांगितले आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. पूज्यपाद आचार्यांनी ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेत त्यांचे सुंदर उदाहरण दिले आहे. दूरवर काहीतरी पांढरे दिसले, हा अवग्रह. ते बगळी आहे की पताका, याचा शोध घेण्याची मनाची धडपड, ही ईहा. ते वर उडते, खाली येते, पंख हलवते, म्हणजे बगळीच, हा निर्णय म्हणजे अवाय. आणि पुढे त्याचे विस्मरण न होणे, ही धारणा. शास्त्रकारांचे प्रयोजन आत्मकल्याणाचे, तर प्रयोगशाळेचे प्रयोजन निराळे. दोन्ही एकच आहेत असा दावा मी करणार नाही. परंतु जाणणे एका क्षणात पूर्ण होत नाही, त्याला पायऱ्या असतात, हे दोघांनीही सांगितले आहे.

आमच्या व्यवसायात या पायऱ्या रोज दिसतात. जाणकार ग्राहक दुकानातील दिव्याखाली साडीचा रंग पसंत करीत नाही. साडी घेऊन तो दाराशी, उजेडात जातो. कापड शुद्ध सुती आहे असे हाताला वाटले, तरी मुरलेला व्यापारी त्याचा एक धागा काढून जाळून पाहतो. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि त्याची कठीण गुठळी होते. दाराशी जाणे आणि धागा जाळणे, ही व्यापारातली ईहाच होय. कापडाच्या बाबतीत आपण ही दक्षता घेतो. माणसांच्या बाबतीत मात्र अवग्रहावरून थेट अवायावर उडी मारतो. “ते समोरून गेले आणि बोलले नाहीत” एवढेच दिसलेले असते. “त्यांना श्रीमंतीचा गर्व झाला आहे” हा निर्णय आपण त्याच क्षणी देऊन टाकतो. क्रोध, मान, माया आणि लोभ हे कषाय जागे असले, की ईहेला जागाच उरत नाही.

समोरची गोष्ट डोळ्यांना दिसते असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत विचार करायला लावणारा आहे. चेंडू एकमेकांकडे टाकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवून त्यांनी प्रेक्षकांना चेंडूफेकी मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे होते. अवधान अन्यत्र होते. तेव्हा लग्नसमारंभात कोणी आपल्याला ओळख दाखवली नाही, तर त्यामागे अवमानच असेल असे नाही.

यानंतर धारणेचा विचार करू. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. मोटारींच्या अपघातांच्या त्याच चित्रफिती सर्वांना दाखवल्या आणि मोटारींचा वेग विचारला. प्रश्नातील क्रियापद तेवढे बदलले. “मोटारी एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा” असे विचारले, त्यांनी सरासरी ताशी 40.8 मैल वेग सांगितला. नुसते “टेकल्या तेव्हा” असे विचारले, त्यांनी 31.8 मैल. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्यानंतर विचारले, “फुटलेली काच पाहिली का?” ‘जोरात आदळल्या’ हा प्रश्न ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी ‘होय’ म्हटले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच! हे लोक खोटे बोलत नव्हते. प्रश्नातील एका शब्दाने त्यांच्या स्मृतीत काच फोडली होती.

बंधू-भगिनींनो, वाटणीचा वाद घेऊन दोन भाऊ संघातील वडीलधाऱ्यांसमोर बसतात, तेव्हा हेच घडत असते. “बापूजींनी दुकान मला द्यायचे कबूल केले होते,” असे थोरला सांगतो. “बापूजी दोघांना म्हणाले होते,” असे धाकटा सांगतो. दोघेही शपथेवर बोलतात आणि पुष्कळदा दोघेही आपापल्या स्मृतीशी प्रामाणिक असतात. दरम्यान वीस वर्षे गेलेली असतात आणि प्रत्येकाच्या घरात ती गोष्ट शंभर वेळा, आपल्याला सोयीच्या शब्दांत सांगितली गेलेली असते. सत्याणुव्रताचा अर्थ ‘जाणूनबुजून खोटे बोलू नये’ एवढाच घेतला, तर दोघेही व्रतस्थ ठरतील. पण घर मात्र मोडेल. माझी आठवण चुकीची असू शकते, हे मान्य करण्याची तयारी हाही सत्याच्या पालनाचाच भाग आहे. अनेकांतवाद आपण व्याख्यानातून सांगतो. त्याची खरी परीक्षा इथे होते.

यावर उपाय काय? पहिला, लिहून ठेवणे. मंदिरात बोली झाली की मुनीम त्याच क्षणी नाव आणि रक्कम वहीत उतरवतो. त्यात कोणावरही अविश्वास नसतो. घरातील व्यवहारांनाही हाच नियम लावावा. दुसरा, प्रश्न शुद्ध विचारणे. “त्यांनी सभेत तुम्हाला डावलले ना?” असे न विचारता “सभेत काय झाले?” असे विचारावे. तिसरा, दिवसाचे त्याच दिवशी आठवणे. राई, देवसी, पक्खी, चौमासी आणि संवत्सरी या प्रतिक्रमणांचा हेतू दोषांची आलोचना हा आहे. परंतु आठवण ताजी असतानाच स्वतःचे वर्तन तपासण्याची सवयही त्यातून लागते. संवत्सरीपर्यंत थांबलेला राग तोवर आपली एक नवी कथा रचून बसलेला असतो.

जाता जाता पाठशाळेविषयी एक विनंती. हर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये स्मरणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठ केलेले पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. एकाच दिवशी केलेल्या 68 आवृत्त्यांनी जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवृत्त्यांनी साधले. आपल्याकडे स्वाध्यायाच्या प्रकारांत वाचना आणि पृच्छना यांबरोबर परावर्तना, म्हणजे पुनःपुन्हा उजळणी, सांगितली आहे. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांकडून सूत्रे घोकून घेण्यापेक्षा रोज दहा मिनिटे घरी उजळणी घ्यावी. मुलाला सूत्र आठवले नाही, तर तो ‘मंद’ आहे असा अवाय करण्यापूर्वी आपणही थोडी ईहा करावी.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा ट्रस्ट उभा केला, त्यांचीही मते अनेकदा भिन्न असतील. तरीही त्यांनी संघ एकत्र ठेवला. पुढील पन्नास वर्षे तो तसाच राहावा यासाठी निर्णयापूर्वी क्षणभर थांबण्याची बुद्धी आपणा सर्वांना लाभो, अशी प्रार्थना करून मी माझे भाषण संपवतो.

जय जिनेंद्र!