रेल कॉरिडॉरवरचे माऊली

आषाढी जवळ आली की आपल्या फोनवर पालखीचे व्हिडिओ फिरायला लागतात. गेल्या वर्षी आमच्या घरी एक वारकरीच येऊन राहिले होते, माझे बाबा. बावीस वर्षं आळंदी ते पंढरपूर चाललेले, म्हणजे दर खेपेला सुमारे अडीचशे किलोमीटर. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी वारी बंद केली, म्हणून मी त्यांना सिंगापूरला घेऊन आले. दिवसभर ते तेराव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून असायचे. तक्रार एका शब्दाची नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

मग मला रेल कॉरिडॉर आठवला. सिंगापूरकरांना तो माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. तांजोंग पगार ते वूडलँड्स अशी मलायन रेल्वेची लाइन होती. ३० जून २०११ला तांजोंग पगारहून शेवटची गाडी सुटली आणि जोहोरच्या सुलतानांनी ती स्वतः चालवली. नंतर रूळ काढले, पण निसर्गप्रेमींनी आग्रह धरल्यामुळे ती हिरवी पट्टी चालणाऱ्यांसाठी राहिली. चोवीस किलोमीटर, आणि चढ जवळजवळ नाहीच. आगगाडीला चढ सोसत नाही, ते आपल्या गुडघ्यांच्या पथ्यावर पडतं.

मी ठरवलं, एका रविवारी जमेल तितकी सगळी वाट संपवायची. थोडं बाबांसाठी, थोडं फोनमधल्या पावलांच्या आकड्यासाठी. वारी बंद केलेल्या माणसाला मी हे करायला लावत होते, आता सांगताना लाज वाटते.

पहाटे क्रांजीहून निघालो. पहिला तास बरा गेला. मग ऊन चढलं. उत्तरेकडच्या भागात सावली कमी आहे, जाणार असाल तर पाणी जास्तच घ्या. बाबा मागे पडायला लागले आणि मी "चला ना बाबा, अजून खूप आहे," म्हणत राहिले. तेवढ्यात मागून एक चिनी आजोबा आले. गळ्यात टॉवेल, हातात काठीसारखी धरलेली छत्री. बाबांचं चालणं बघून त्यांनीही वेग कमी केला. बाबांनी सवयीने हात जोडले, "माऊली!" आजोबांनी तोच शब्द मोडकातोडका परत म्हटला, आणि दोघं माझ्यापुढे चालू लागले. भाषा एकही सामाईक नाही, मधे दुभाषी मी.

आजोबा एक्याऐंशी वर्षांचे, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. लहानपणी गाडीच्या शिट्टीवरून त्यांच्या घरी वेळ कळायची. आता दर रविवारी ते थोडं चालतात, आणि पुढच्या रविवारी जिथे थांबले तिथूनच पुढे निघतात. "पूर्ण वाट किती वेळा झाली?" मी विचारलं. ते मोजत नाहीत म्हणे. बाबांना मराठीत सांगितलं, तर ते एकदम उजळले. "अगं, हे तर मुक्काम करत जाणं झालं!"

वाटेत फिलिपिनो दोघी समोरून आल्या, तांजोंग पगारच्या बाजूने पहाटेच निघालेल्या. घरकामाची सुट्टी. त्यातली एक प्रत्येक पुलावर फोटो काढून गावी मुलांना पाठवते. तिने बाबांच्या बाटलीत आपलं पाणी ओतलं. आमच्या घरची ताई रविवारी कुठे जाते, हे मी चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं.

बुकित तिमाच्या जुन्या स्टेशनवर थोडे रूळ अजून ठेवले आहेत. बाबा तिथे टेकले, बूट काढले आणि म्हणाले, "आजचा मुक्काम इथे." मी फोन खिशात ठेवला.

बाकीच्या वाटेला आम्हाला आणखी दोन रविवार लागले. क्वीन्सटाउनजवळ वाटेपासून थोडंच दूर मुनीश्वरनचं मंदिर लागतं. रेल्वेत राबणाऱ्या भारतीय मजुरांच्या छोट्या देवळातून ते उभं राहिलं. बाबा तिथे बराच वेळ बसले.

आता बाबा गावी आहेत. रोज सकाळी कालव्याच्या कडेने चालतात, झेपेल तितकं. रविवारी फोन आला की आधी विचारतात, "माऊली कुठवर पोचले?" परवा हिलव्ह्यूच्या लोखंडी पुलापाशी आजोबा दिसले. लांबूनच "माऊली!" म्हणून ओरडले, आणि स्वतःच्या गुडघ्यावर टिचकी मारून त्यांनी भुवया उंचावल्या. मी अंगठा वर केला आणि तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला.