कोंबडी की मैना?



ठाण्याहून भिवंडीकडे निघालात की कापूरबावडीच्या पुढे बाळकुम लागतं. आता तिथे मेट्रोचे खांब आणि उंच इमारतीच आधी दिसतात. मूळ गाव, म्हणजे आगरी-कोळ्यांचे पाडे, त्यांच्या आडोशाला. लग्नसराईत या पाड्यांत एक वाद हमखास कानावर येतो. नवऱ्याला हळद लागलेली असते, बेंजोवाले घामाघूम झालेले असतात, दहाला पाच कमी असतात आणि एकाच गाण्यापुरता वेळ उरलेला असतो. आता 'कोंबडी पळाली' लावायचं की 'ये गो ये ये मैना'?

दोन्ही गाणी एकाच चित्रपटातली, अजय-अतुल यांच्याच संगीतातली. केदार शिंदे यांचा 'जत्रा' २००६ साली आला. त्यातही ह्यालागाड आणि त्यालागाड ही दोन गावं एकमेकांना पाण्यात पाहतात, तेव्हा गाण्यांवरून तट पडले तर नवल नाही. खरं तर भांडण लावलंय ते कायद्यानं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद ठेवायला सांगतात. पहाटेपर्यंत वाजवायची मुभा असती तर दोन्ही गाणी चारचारदा झाली असती आणि कुणी कुणाची गचांडी धरली नसती. शेवटचं एकच म्हटलं की निवड आली, आणि निवड आली की पक्ष आले.

कोंबडीवाल्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे हिंदी. हीच चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' झाली, श्रेया घोषाल यांनी गायली, कतरिना कैफ तिच्यावर नाचली. मैनावाले म्हणतात, बरोबर, म्हणूनच ती आता आपली राहिली नाही. मला हे आधी रडीचा डाव वाटायचं. पण बेंजो नीट ऐकला की त्यात तथ्य दिसतं.

आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डावा हात बटणं दाबतो, उजव्या हातातली नखी तारा छेडते. याचा पूर्वज ताइशोगोतो जपानात १९१२ साली जन्मला. तो आगऱ्यांच्या हळदीत रात्र गाजवेल, असं तिथे कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. या वाद्याला शब्द नाहीत, नुसती चाल. त्यामुळे बेंजोवर कोंबडी सुरू झाली की लहान पोरं बेधडक 'चमेली' म्हणून ओरडतात. मैनेला मात्र मैनाच म्हणतात. शिवाय त्यातलं 'गो' खाडीकाठच्या बायांच्या तोंडचंच, ते कुणी शिकवावं लागत नाही.

तरीही माझं मत कोंबडीलाच, आणि त्याला हिंदीचा काही संबंध नाही. ते आनंद शिंद्यांच्या आवाजासाठी. त्यांच्या वडिलांचं, प्रल्हाद शिंद्यांचं, घर कल्याणचं, म्हणजे हा आवाज याच जिल्ह्यातला. 'नवीन पोपट'पासून लग्नाच्या मांडवात तो ऐकत आपण मोठे झालो. (पोपट, कोंबडी, मैना: मराठी नाचगाण्यांचं पक्ष्यांवाचून भागतच नाही.) या आवाजाला समोरून वैशाली सामंत उत्तर देतात आणि अंगण आपोआप दुभागतं, एकीकडे पुरुष, दुसरीकडे बाया. इतका वेळ खुर्चीत बसून पदर सावरणारी आत्या नेमकी तेव्हा उठते. मैना ही हाक आहे, सगळ्यांनी मिळून मारायची. तिच्यात घोळका नाचतो. कोंबडीत सवाल-जवाब आहे, समोर कुणी तरी लागतं. हळदीला मला तेच हवं असतं.

धवलारणीची, म्हणजे लग्नाच्या विधींत गाणाऱ्या बाईची, पारंपरिक गाणी तेवढी या वादापासून लांब असतात. ती विधीची, त्यांची वेळ ठरलेली. तिथे फर्माईश चालत नाही.

बेंजोवाले मात्र धंद्याला पक्के. दोन्हीकडच्या फर्माइशींचे पैसे घ्यायचे असतात. मग ते मैनेचं धृपद दोनदा वाजवतात, ताशावाला मध्ये एक तोडा मारतो आणि त्याच लयीत कोंबडी सुटते. पाच मिनिटांत दोन्ही गाणी बसतात. मैनावाल्यांना हा तोडगा अजून मान्य नाही, कारण दहाच्या ठोक्याला वाजत असते ती कोंबडी.