झोप लागते का, हे विचारायला शिका

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोललो, ज्वारीच्या खरेदीवर बोललो, पीकविम्यावर बोललो. आता मी जो विषय काढणार आहे तो आपल्या बैठकीत सहसा निघत नाही. विषय आहे शेतकऱ्याच्या मनाचा. मन म्हटलं की आपल्याला एक तर कीर्तन आठवतं, नाही तर नागपूरचं मनोरुग्णालय. या दोन्हींच्या मधे जो मोठा पट्टा आहे, जिथे तुम्ही-आम्ही सगळे राहतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

तुमच्यातल्या काही कार्यकर्त्यांच्या मनात एक शंका आली असेल. आपणच मनाच्या आजाराची भाषा बोलू लागलो तर उद्या सरकार म्हणेल, 'बघा, शेतकरी भावापायी मरत नाही, डोकं बिघडल्यामुळे मरतो.' शंका रास्त आहे. आजवर दारू, लग्नाचा खर्च, घरगुती भांडण अशी सगळी कारणं आपल्याला ऐकवून झाली आहेत. म्हणून मी आधी तुमच्या रोजच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो.

पऱ्हाटीवर लाल्या येतो. तो कशानं येतो? जमिनीत नत्र कमी पडलं, मॅग्नेशियम कमी पडलं, तुडतुड्यांनी रस शोषला, बोंडं भरायच्या वेळेला पाण्याचा ताण बसला, रात्रीची थंडी वाढली. बहुतेक वेळा यातली दोन-तीन कारणं एकदम येतात आणि पान लाल होतं. म्हणून कोणी पऱ्हाटीला 'तूच कमकुवत' असं म्हणत नाही. आणि 'जमीनच हलकी, आता काय करणार' म्हणून हात बांधूनही बसत नाही. जमिनीचं बघतो आणि झाडाचंही बघतो. माणसाच्या मनाचं असंच आहे. तोट्याची शेती, डोक्यावरचं कर्ज, दुबार पेरणी, घरातलं आजारपण, दारू, एकटेपणा हे एकावर एक चढत जातं आणि मन आजारी पडतं. कारण बाहेरचं असलं तरी आजार खरा असतो. आणि आजार खरा असला म्हणून कारण खोटं ठरत नाही. भावाची लढाई एक इंचही मागे न घेता माणसाचा इलाज करता येतो.

आता हा आजार ओळखायचा कसा? आपला माणूस कधी 'मला नैराश्य आलं' असं म्हणत नाही. तो म्हणतो, कामात जीव लागत नाही. बाई म्हणते, अंग दुखतं, छातीत धडधड होते, कसंनुसं होतं. झोप लागत नाही, किंवा पहाटे तीनला डोळा उघडतो तो पुन्हा मिटत नाही. जेवण जात नाही. बैलांवर, पोरांवर विनाकारण चिडचिड होते. पारावर येणारा माणूस यायचा बंद होतो. 'माझ्यामुळेच घर बुडालं' हे वाक्य तोंडात बसतं. चार दिवस असं कोणालाही होतं. बोंडअळीनं पीक खाल्ल्यावर हसत कोण बसेल? पण हे सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज चाललं आणि काम अडू लागलं, तर तो आजार समजा. तो भित्रेपणा नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे.

दारूचं वेगळं सांगतो. झोप लागत नाही म्हणून पुष्कळ जण संध्याकाळी घेतात. त्यानं डोळा लागतो, पण झोप मोडकी होते, आणि सकाळी मन आणखी खाली गेलेलं असतं. दारू हे झोपेचं औषध नाही, ती या आजाराची खतमात्रा आहे.

मायबहिणींबद्दल एक शब्द. घरात शेवटी जेवणारी आणि शेवटी झोपणारी बाईच असते. तिची झोप उडाली हे कळणार कोणाला? धनी गेल्यावर कर्ज, शेत, पोरं, सातबाऱ्यावर नाव लावण्याची धावपळ हे सगळं तिच्यावर येतं, आणि रडायलाही तिला सवड मिळत नाही. तेव्हा विचारपूस फक्त गड्यांची करू नका.

मग करायचं काय? पहिलं काम, विचारा. 'कसं काय, बरं आहे ना?' हे विचारणं नव्हे, त्याला उत्तर 'बरं आहे' हेच येतं. बांधावर शेजारी बसा आणि विचारा, 'झोप लागते का?' मग गप्प राहा, त्याला बोलू द्या. 'मर्दासारखा मर्द तू', 'लोकांवर याहून मोठी संकटं येतात' ही वाक्यं तोंडातच ठेवा. त्यानं माणूस आणखी मिटतो. आणि संशय आला तर सरळ विचारा, 'जीव नकोसा झालाय का? मरायचे विचार येतात का?' असं विचारल्यानं ते खूळ डोक्यात शिरेल अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं कोणीतरी पाहिलं, याचाच त्याला आधार होतो.

उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच्या हाताशी राहू देऊ नका. हा मुद्दा बारीक वाटेल, पण मोठा आहे. पुष्कळदा तो विचार एका झटक्यात येतो आणि तो तास टळला तर माणूस वाचतो. श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली. पुढच्या २० वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. शेतीचं उत्पन्न त्या बंदीनं घटल्याचं दिसलं नाही. आपण आपल्या घरापासून सुरुवात करू. लागेल तेवढंच औषध आणायचं आणि उरलेलं राहत्या घरात ठेवायचं नाही. आणि कोणाच्या हातून काही झालंच, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ वर फोन करा, मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा.

पोलीस केस होईल म्हणून काही घरं गोष्ट दडपतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नं असं धरलंय की जिवाचं बरंवाईट करू पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता. त्याला शिक्षा करायची नाही. त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. भिऊ नका.

दुसरं काम, इलाजापर्यंत पोचवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. गावच्या आशाताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारा. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा सुरू आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आताच वहीत लिहून घ्या. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणूनही डॉक्टरला न विचारता बंद करू नका. युरिया टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी पीक हिरवं होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं?

कोणी म्हणेल, खेड्यात हे चालायचं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावपातळीच्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर बोलणं सुरू केलं, गरज पडली तर डॉक्टरांकडे धाडलं. आधी नैराश्याच्या १०० रोग्यांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षात तो आकडा २७ झाला. माणसं तीच, गावं तीच, आपलाच कोरडवाहू मुलूख. फरक एवढाच की कोणीतरी दारात येऊन विचारलं.

तिसरं काम कागदाचं. निम्मी झोप कर्जाच्या आकड्यापेक्षा कर्जाच्या अंधारानं उडते. नेमकं देणं किती, व्याज किती, नोटिशीत काय लिहिलंय, हे कित्येकांनी घरच्यांनाही सांगितलेलं नसतं. गावशाखेतले दोघे शेजारी बसून बँकेचे कागद, सावकाराच्या चिठ्ठ्या एका वहीत मांडा. त्याच्या घरच्या बाईलाही त्या वहीपाशी बसवा. सावकारानं जमीन बळकावली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तो अर्ज शाखेनं लिहून द्यावा.

शेतकरी मेल्यावर तो पात्र की अपात्र हे ठरवायला समिती बसते. जिवंतपणी त्याला झोप लागते का, हे विचारायला कोणी बसत नाही. ती समिती आपण व्हायचं. गेलेल्या माणसाचा फलकावर फोटो लावून आंदोलन मोठं होत नाही. मोर्चात चालायला जिवंत माणूस लागतो, भाव मागायलाही जिवंत माणूसच लागतो.

म्हणून प्रत्येक गावशाखेनं दोन गडी आणि दोन बाया या कामासाठी ठरवाव्यात. पेरणी उलटल्यावर, फवारणीची उधारी थकल्यावर आणि मार्चअखेरीला बँकेच्या नोटिसा आल्यावर, या तीन वेळांना गावातलं एकही घर विचारल्यावाचून राहू नये. ऐकलेली गोष्ट पारावर जाऊ नये, हा नियम कडक पाळावा. पुढच्या जिल्हा बैठकीत भावाच्या ठरावाबरोबर या कामाचाही हिशेब मांडायचा आहे.