टॅपेट वाजत नव्हतं, तरीही

मी सैन्याच्या ईएमईमधून निवृत्त झालेला अधिकारी. ईएमई म्हणजे जीपपासून रणगाड्यापर्यंत जे जे बिघडतं ते दुरुस्त करणारी शाखा. निवृत्तीनंतर सिकंदराबादलाच राहिलो. आज रोलर कॅमशाफ्ट आणि त्याच्या लिफ्टरबद्दल बोलणार आहे. आपले मिस्त्री लिफ्टरला टॅपेटच म्हणतात, मीही तेच म्हणतो. आणि आधीच सांगून टाकतो, या गोष्टीतली चूक माझी आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत, मिशिगनमध्ये असतो. त्याच्याकडे १९७२ ची शेव्हरले नोव्हा आहे. आत ३८३ घनइंचाचं, म्हणजे जवळजवळ सव्वासहा लिटरचं व्ही-८ इंजिन. त्यात त्यानं सॉलिड रोलर कॅम बसवून घेतला. खरं तर हा कॅम शर्यतीचा, पण हा गडी त्यावर दूध आणायला जातो.

आता फरक समजून घ्या. आमच्या काळात जोंगा होती, जबलपूरला बनायची. तिच्या टॅपेटचा तळ सपाट. कॅम त्यावर घासत फिरतो. मध्ये तेलाची पातळ फिल्म आणि तेलातलं झिंकचं संयुग, एवढंच संरक्षण. रोलर टॅपेटला तळाशी चाक असतं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं लहान, आणि चाकाच्या आत सुईसारखे बारीक रोलर, म्हणजे नीडल बेअरिंग. घासण्याऐवजी चाक गडगडतं. त्यामुळे कॅमची चढण जास्त उभी करता येते, व्हॉल्व्ह पटकन उघडतो, ताकद वाढते. रोलर म्हणजे काही अघोरी प्रकार नाही. आपल्याकडच्या स्विफ्ट डिझेलमध्येही कॅमखाली रोलरचाच फॉलोअर होता. पण तिथे स्प्रिंग साधी आणि गॅप हायड्रॉलिकनं आपोआप सांभाळला जायचा.

पुतण्याच्या इंजिनात स्प्रिंग राक्षसी आहेत. व्हॉल्व्ह बंद असताना ९० किलोचा दाब, पूर्ण उघडला की २५० किलो. रॉकर दीडपट, त्यामुळे त्या छोट्या चाकावर पावणेचारशे किलो येतात. शिवाय सॉलिड टॅपेटला गॅप ठेवावाच लागतो. प्रत्येक वेळी गॅप संपतो तेव्हा सुयांवर हातोडीचा एक टोला बसतो. आणि या सुयांना तेल कुठून? बऱ्याच टॅपेटमध्ये मुख्यतः क्रँकवरून उडणाऱ्या तेलातून. क्रँक जोरात फिरला तर पाऊस, स्लो फिरला तर रिमझिम.

इथे मी आलो. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून ही गाडी चार महिने गॅरेजमध्ये उभी. पुतण्यानं फोनवर विचारलं, "काका, काय करू?" मी म्हणालो, "अरे, उभी गाडी मरते. आठवड्यातून एकदा चालू कर, दहा मिनिटं स्लोवर ठेव. आम्ही युनिटमध्ये हेच करायचो." त्यानं आज्ञाधारकपणे तसंच केलं. ७०० आरपीएम, दहा मिनिटं, दर रविवारी. तेल कधी नीट तापलं नाही, आतला दमटपणा उडाला नाही, आणि सुयांवर रिमझिम. जोंगाला चाललेला सल्ला मी या इंजिनाला दिला होता.

मे महिन्यात मी तिकडे गेलो. गाडी मस्त चालत होती. सॉलिड रोलर तसाही शिवणयंत्रासारखा टकटकतो, वेगळा आवाज काहीच नव्हता. पण मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती. इंजिन बसवलं त्या दिवशी सोळाही व्हॉल्व्हचे गॅप वहीत लिहून ठेव, आणि इंजिन गार असतानाच मोज. अॅल्युमिनियमचं हेड तापलं की वाढतं आणि गॅप बदलतो, म्हणून नेहमी एकाच अवस्थेत मोजायचं. वही होती. आम्ही फिलर गेज घेऊन बसलो. एक्झॉस्ट उघडू लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक मोजायचा, इनटेक जवळजवळ मिटला की एक्झॉस्ट. पंधरा व्हॉल्व्ह वहीशी जुळले, एखाददुसऱ्या थाऊचा फरक. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सात नंबरचा एक्झॉस्ट मात्र वहीत १८ आणि गेजवर २६.

पुतण्या म्हणाला, "नट फिरवून १८ करतो, झालं." ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा असतो. त्याला तिथे जायचं होतं. मी रॉकरचा लॉक तपासला, घट्ट होता. नट ढिला नसेल आणि गॅप आठ थाऊ वाढला असेल, तर तेवढं लोखंड कुठेतरी गेलंय. ते कुठे गेलं हे कळेपर्यंत सेटिंग करायचं नाही. त्या दिवशी घरात आवाज थोडे चढले, हेही सांगायला हरकत नाही.

ऑइल फिल्टर कापला. कागदाच्या घड्या उघडून लोहचुंबक फिरवलं, बारीक चमचमणारा चुरा चिकटला. मग इनटेक मॅनिफोल्ड काढलं. रोलर टॅपेट आपल्या भोकात फिरता कामा नये, म्हणून दोन-दोन टॅपेट एका पट्टीनं जोडलेले असतात; ते जोडीनंच वर येतात. सात नंबरचं चाक बोटानं फिरवलं. खरखर. वरखाली हललंही. अजून थोडे दिवस गेले असते तर सुया सुटल्या असत्या, चाक अडकलं असतं आणि कॅम खरवडून त्याचा चुरा प्रत्येक बेअरिंगमधून फिरला असता. कॅमवर नख फिरवून पाहिलं, रेघ लागली नाही. नशीब.

एकच टॅपेट बदलावं का? मी नाही म्हणतो. सोळाही त्याच हिवाळ्यातून गेले होते. नवा सेट घेतला, ज्यात चाकाच्या आसापर्यंत दाबाचं तेल पोचवणारं भोक आहे. महाग पडला, निम्मे पैसे मी दिले, ते योग्यच होतं. चेंबर उतरवून धुतलं. स्प्रिंग हेडवरच मोजल्या. मूळ दाबापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरली असेल तर ती बदलायची, कारण कमजोर स्प्रिंगमुळे चाक कॅमवरून उडतं आणि परत आपटतं. सुया तुटायचं तेही एक मोठं कारण. दोन बदलल्या. डिस्ट्रिब्युटरचा गिअर पाहायला विसरू नका. स्टीलच्या कॅमला साधा ओतीव लोखंडाचा गिअर चालत नाही, तो खाल्ला जातो. आमचा ब्राँझचा होता, ठीक होता.

चालू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलनं ऑइल पंप फिरवला. मध्येमध्ये क्रँक हातानं थोडा थोडा पुढे घेत सोळाही रॉकरवर तेल येईपर्यंत थांबलो. मग स्टार्ट. आयडलिंग ७०० वरून १०५० वर नेलं. ५०० मैलांनी पुन्हा गॅप मोजले, वहीशी जुळले. ऑगस्टचा मेळावा पुतण्याला मिळाला. मी तोवर सिकंदराबादला परतलो होतो.

डिसेंबरात त्याचा फोन आला. ताजं तेल भरून, बॅटरी काढून, गाडी झाकून ठेवली होती. मार्चपर्यंत किल्ली लावणार नाही म्हणाला. मी फक्त वही कुठे ठेवलीस ते विचारलं.