आधी निरीक्षण, मग अनुमान



एका टॅक्सीचालकाची जुनी ॲम्बेसेडर आहे, असे समजावे. कर्ज काढून तिचे १४८९ सीसीचे इंजिन नुकतेच पूर्ण खोलून बांधले आहे. तिसऱ्याच दिवशी आतून ठोका ऐकू येऊ लागतो. चालक विचारतो, "मिस्त्री, काम नवीन आहे, चालवता चालवता आवाज बसेल ना?" त्याची रोजीरोटी या उत्तरावर अवलंबून असते.

जाणता मिस्त्री लगेच पाना उचलत नाही, आधी ऐकतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते. त्यामुळे टॅपेटची टिकटिक हलकी, वरच्या बाजूची आणि निम्म्या गतीची असते. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटत असेल, तर तो आवाज थंड इंजिनात अधिक असतो आणि इंजिन तापल्यावर बहुधा मंदावतो. चढावर होणारी धातूची किणकिण अवेळी ज्वलन सुचवते. इग्निशनचे टायमिंग थोडे मागे घेतले की ती कमी होते. मात्र खालून येणारा जड ठोका तेल तापून पातळ झाल्यावर वाढू लागला, तर संशय कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर जातो.

मग पडताळणी सुरू होते. अशा जुन्या इंजिनात एकेका सिलिंडरची ठिणगी क्रमाने बंद केली जाते. ज्या सिलिंडरपाशी ठोका दबतो, तेथे दोष असण्याचा संभव अधिक; कारण ज्वलनाचा दाब त्या रॉडवर येणे थांबलेले असते. तेलाचा दाबही मोजला जातो.

येथवर परीक्षा कानांची होती. पुढची परीक्षा मनाची असते. इंजिन नुकतेच बांधलेले असल्याने पहिला संशय बांधणाऱ्या हातांवरच घ्यावा लागतो. क्रँक ०.०१० इंच घासून बेअरिंग मूळ मापाचेच बसले काय? रॉडची टोपी उलटी किंवा दुसऱ्या रॉडची लागली काय? बेअरिंगच्या पाठीमागे कचरा राहिला काय? तेलमार्ग साफ झाले होते काय?

"थोडी चालवून बघा," असे सांगणे सोपे असते. पण सैल बेअरिंगचा ठोका चालवून बसत नाही, वाढतच जातो. अखेरीस रॉड तुटून ब्लॉक फोडू शकतो आणि कर्जाच्या पैशाचे भंगार होते. म्हणून गाडी तेथेच उभी करून, स्वतःच्या खर्चाने ऑइल चेंबर उतरवणारा मिस्त्रीच खरा कारागीर ठरतो.

शाळेच्या प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर लिहिण्याची शिस्त असते. ते अनुमान स्वतःच्या विरुद्ध गेले, तरी खाडाखोड न करता लिहायचे असते. मुलांच्या हाती ही वही देणाऱ्या शाळेने त्यांना आयुष्यभर पुरणारे अवजार दिलेले असते.