सात दावे, एक तारीख

तुमच्यापैकी बऱ्याच जणींचं कुणी ना कुणी मुंबईत चाळीत राहतं, म्हणून आज लालबागची गोष्ट.

आमच्या गटातल्या सातजणी एकाच चाळीतल्या भाडेकरू. मालकाने सातजणींवर खोली खाली करण्याचे सात दावे लावले. कारण एकच, इमारत दुरुस्तीला काढायची. तारखा मात्र निरनिराळ्या. एकीची सोमवारी, दुसरीची गुरुवारी. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात गेलं की त्या दिवसाचे डबे बंद. साक्ष द्यायला येणाऱ्या शेजारणीचाही खाडा.

मग वकीलबाईंनी अर्ज दिला: मालक तोच, इमारत तीच, पुरावाही तोच, तर दावे एकत्र चालवा. दिवाणी प्रक्रिया संहितेत यासाठी वेगळं कलम नाही, पण कलम १५१ खालच्या अधिकारात न्यायालय तसं करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली म्हटलं आहे. मागितलं की मिळतंच असं नाही. न्यायाधीशांना पटावं लागतं.

आम्हाला वाटलं, आता एकच दावा उरला. तसं नसतं बरं का! दाव्यांचे नंबर वेगळेच राहतात. पुरावा एका मुख्य दाव्यात नोंदवतात आणि तोच बाकीच्यांत वाचतात. आमच्या सातपैकी सहा एकत्र आले. सातवीवर थकलेल्या भाड्याचाही आरोप होता, तिचा दावा वेगळा ठेवला. म्हणून भाड्याच्या पावत्या जपा, डब्यात घालून ठेवा.

याच्या निकालावर अपील झालं तर त्याच न्यायालयातले दोन न्यायाधीश मिळून ऐकतात. वरच्या कोर्टातही असंच एकत्र ऐकणं चालतं. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती भाडेकरूंच्या सोसायटीसाठी संपादित करण्याच्या कायद्याविरुद्ध मालकांच्या सोळा याचिका सर्वोच्च न्यायालयात एकत्र होत्या. मुख्य याचिका १९९२ची, आणि त्यातल्या घटनेच्या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांचा निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ला. बत्तीस वर्षं! एकत्र केलं म्हणजे लवकर होतं, असं आम्ही म्हणणार नाही. हेलपाटे कमी होतात, एवढं खरं.

गावाकडे एकाच जमिनीचे दावे दोन कोर्टांत असतील, तर कलम २४ खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून ते एका कोर्टात आणायची मागणी करता येते. वकिलाला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन नंबर १५१००.

सातवीची तारीख येत्या बुधवारी आहे. आम्ही तिघीजणी तिच्याबरोबर जाणार आहोत.